गावच्या संमेलनाला लेखक बोलवावा की कथाकथनकार?

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बाभूळगाव तालुक्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयाला यंदा पंचवीस वर्षं होतायत. त्यानिमित्त एक दिवसाचं साहित्य संमेलन घ्यायचं आहे. वर्गणी आणि देणग्या मिळून दोन लाखांच्या आसपास जमतील. समितीत दोन गट पडलेत. एकाला पुण्या-मुंबईचा नावाजलेला लेखक हवाय, म्हणजे पेपरात बातमी येईल. दुसऱ्याला वऱ्हाडी कथाकथनकार हवेत, म्हणजे लोक थांबतील. शेजारच्या गावात गेल्या वर्षी जेवणं झाल्यावर मंडप ओस पडला आणि मुख्य पाहुणे रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलले, ती धास्ती दोन्ही गटांना आहे. कोणाचं ऐकावं?

मी तालुक्याच्या एका वाचनालयाचं काम पाहते, आणि वर्धा-यवतमाळ पट्ट्यात अशी लहान संमेलनं उभी करण्यात पुष्कळ वर्षं गेली आहेत. त्यावरून सांगते. तुमचे दोन्ही गट बरोबर आहेत, पण दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलतायत आणि दोघांनाही एकाच मंडपात, एकाच वेळी, एकाच पद्धतीनं उभं करायचं असं धरून चाललेत. लेखकाला वाचक लागतात. कथाकथनकाराला ऐकणारे लागतात. ज्याचं एकही पुस्तक गावात कोणी हातात घेतलेलं नाही असा लेखक भर दुपारी मंडपात उभा केला, तर तो कितीही मोठा असो, लोक उठतील. आणि उत्तम कथाकथनकाराला सकाळी साडेअकराला, सत्कार आणि परिसंवाद यांच्या मध्ये अर्धा तास दिला, तर त्याचंही तेच होईल. त्यामुळे कोण बोलवायचा यापेक्षा तो कोणासमोर, कोणत्या वेळी आणि किती वेळ असेल हे आधी ठरवावं लागतं. नाव त्यातून आपोआप निघतं.

काही गोष्टी तुमच्या गावावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. गाव बाजाराचं आहे का? वाचनालयातून खरोखर पुस्तकं घरी नेणारे किती? कार्यक्रम मंगल कार्यालयात, शाळेच्या मैदानावर की देवळासमोर? गावात कपाशी जास्त की सोयाबीन-हरभरा? आजूबाजूला बंजारा तांडे किंवा कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत का? यांची उत्तरं बदलली की माझा सल्लाही थोडा बदलेल.

आधी तारखेचं सांगते, कारण बहुतेक समित्या ती पाहुण्यांच्या सोयीनं ठरवतात. डिसेंबरमध्ये बायका दिवसभर कापूस वेचायला जातात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे एक दिवस खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. त्या महिन्यात दिवसा कार्यक्रम ठेवला तर निम्मं गाव मंडपाबाहेर राहणार, आणि ऐकण्यात जास्त रस असलेलं निम्मं. जानेवारीत तुरीची काढणी चालते. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा येते, शाळेचं मैदान मिळत नाही, आणि मग हरभरा सोंगायला येतो. आमच्या भागात जानेवारीचा शेवटचा आठवडा त्यातल्या त्यात मोकळा सापडतो. तुमच्याकडे थोडं मागेपुढे असेल. बाजाराचा दिवस टाळा, गावात भागवत सप्ताह कधी बसतोय ते विचारा, आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे लाईन, म्हणजे वीज. तुमच्या फीडरवर शेतीची थ्री-फेज लाईन त्या आठवड्यात रात्रीची असेल तर पुरुष मंडळी गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताला जातील आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला येणार नाहीत. लाईनमनला विचारून घ्या, मग तारीख पक्की करा.

आता लेखकाबद्दल. नावाजलेला लेखक गावात यायला माझा अजिबात विरोध नाही. उलट गावातल्या पोरापोरींनी लिहिणारा माणूस जवळून पाहावा, त्याच्याशी बोलावं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्यासाठी दोन महिने आधी काम करावं लागतं. त्याचं एक पुस्तक निवडा, एकच. त्याच्या वीस-पंचवीस प्रती विकत घ्या. प्रकाशकाशी थेट बोललात तर वाचनालयाला सवलत मिळते. त्या प्रती कपाटात ठेवू नका. शिक्षकांना द्या, कॉलेजला जाणाऱ्या मुलींना द्या, बचत गटाच्या सचिव ताईंना द्या, पोस्टमनला द्या. पंधरा दिवसांत परत घ्या आणि दुसऱ्याला द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयात त्यातलं एक प्रकरण कोणीतरी मोठ्यानं वाचायचं. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांनी दिसत नाही, ती म्हातारी माणसं अशा वाचनाला सगळ्यात नेमानं येतात, आणि पुढे लेखकाला सगळ्यात नेमके प्रश्न तीच विचारतात. पात्राचं असं का झालं, त्याच्या भावानं पैसे का दिले नाहीत, पुढे त्या पोरीचं काय झालं. ज्यानं ते लिहिलंय त्याला यापेक्षा मोठा मान कोणता देणार?

एवढं झालं की लेखकाचं भाषण ठेवायची गरजच उरत नाही. प्रकट मुलाखत ठेवा, पन्नास मिनिटांची, आणि त्यानंतर वीस मिनिटं प्रश्न. मुलाखत घेणारा गावातला किंवा तालुक्यातला असावा आणि त्यानं पुस्तक वाचलेलं असावं. जिल्ह्याच्या गावाहून गोड आवाजाचा सूत्रसंचालक आणला की तो ‘आपल्या लेखनप्रवासाबद्दल सांगा’ यावरच घुटमळत राहतो. प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर गोळा करा, कारण भर मंडपात माईक हातात घेऊन बोलायला बायका आणि मुलं संकोचतात. चिठ्ठीवर नाव असेल तर नाव घेऊन प्रश्न वाचा. त्या माणसाला तो दिवस वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

आणखी एक करून पाहा. मंडपातल्या मुलाखतीखेरीज लेखकाला एक तास वाचनालयातच बसवा, सतरंजीवर, चाळीसेक वाचकांबरोबर. माईक नको, हार नको. माझ्या पाहण्यात लेखक गावाबद्दल जे चांगलं बोलतात ते बहुतेक या तासाबद्दल असतं.

विषयाबद्दल मला मनापासून एक विनंती करायची आहे. आपल्याकडे जवळपास प्रत्येक संमेलनात शेतकरी आत्महत्या आणि साहित्य असा परिसंवाद असतो. विषय खरा आहे आणि त्यावर लिहिलं-बोललं गेलंच पाहिजे. पण समोर सतरंजीवर ज्या बायका बसल्यात त्यांच्यातल्या कोणाच्या घरी ते घडलेलं असू शकतं. बाहेरून आलेला वक्ता आकडे आणि अलंकार वापरून त्यांचंच दुःख त्यांना समजावून सांगतो तेव्हा त्या खाली मान घालून बसतात. ते बघवत नाही. हा विषय घ्यायचाच असेल तर बोलायला त्यांना बसवा, त्यांची इच्छा असेल तर, आणि लेखकाला ऐकायला. 2019 साली यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन शेवटी जिल्ह्यातल्याच, शेतकरी नवरा गमावलेल्या एका ताईंच्या हस्ते झालं. त्या बोलल्या तेव्हा मोठमोठे साहित्यिक समोर बसून ऐकत होते.

त्याच संमेलनातून घ्यायची दुसरी गोष्ट. उद्घाटक म्हणून इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि अनेक लेखकांनी त्या निषेधार्थ यायचं नाकारलं. तुमच्या पातळीवरही हे होऊ शकतं: पत्रिका छापल्यावर कोणीतरी येऊन म्हणतो, या लेखकानं अमुक लिहिलंय, याला आणू नका. म्हणून नावावरून जे भांडायचं ते निमंत्रणाआधी समितीच्या बैठकीत भांडून घ्या, हवं तर तीन बैठका लावा. एकदा फोन गेला की गावाचा शब्द गेला, आणि तो मागे घ्यायचा नाही.

आता कथाकथनकार. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त हेळसांड यांची होते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी महाराष्ट्रभर फिरून कथाकथन मंचावर रुजवलं, आणि यवतमाळकरांना शंकर बडे यांचा ‘बॅरिस्टर गुलब्या’ आठवत असेल. एक माणूस, एक माईक, अंगात मुरलेली वऱ्हाडी, आणि समोरचा माणूस जागचा हलत नाही. हे सोपं वाटतं म्हणून आयोजक त्याला कुठेही बसवतात. खरं तर रंगमंचावर एकट्यानं उभं राहून फक्त शब्दांवर चारशे माणसं धरून ठेवायची, याला जितकी तयारी लागते तितकीच जागेची आणि वेळेचीही साथ लागते.

त्याची वेळ संध्याकाळची. गुरं बांधून झाली, दूध काढून झालं, स्वयंपाक आटोपला की माणूस ऐकायला मोकळा होतो. तुमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर ती मंडपातच घ्या आणि तिथूनच कथाकथन सुरू करा. माणसं आधीच शांत बसलेली असतात. साडेसहा-सातला सुरुवात, साडेनऊला शेवट. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तो नियम पाळायचाच आहे, आणि जानेवारीची आपल्याकडची थंडी लक्षात घेता त्यापुढे लेकरं घेऊन बसवतही नाही. मंडपाला तिन्ही बाजूंनी कनात लावायला बिछायतवाल्याला आधीच सांगून ठेवा.

मंच फार उंच नको. भाषणासाठी चार फुटांचा बांधतात; कथाकथनाला दीड-दोन फूट पुरे. कथा सांगणारा माणूस समोरच्यांच्या डोळ्यांत बघून सांगतो. कोण हसलं, कोण रडवेलं झालं, कुठे थोडं थांबायचं, कुठे पुढे ओढायचं, हे त्याला चेहऱ्यांवरून कळतं. मंचावर दोन हॅलोजन डोळ्यांत मारले आणि प्रेक्षकांत अंधार केला तर तो आंधळाच होतो. श्रोत्यांवरही थोडा उजेड राहू द्या.

आणि सोफे. पहिल्या रांगेत सोफे टाकून त्यावर पुढारी मंडळी बसवायची ही पद्धत कथाकथनाचा जीव घेते. ती मंडळी उशिरा येतात, मध्येच फोनवर बोलतात, आणि कथा रंगात आली की पुढच्या कार्यक्रमाला निघतात. त्यांच्यामागे दहा माणसं उठतात. सोफे एका बाजूला, मंचाला काटकोनात लावा. त्यांचा मान राहतो आणि समोरची जागा मोकळी होते. अगदी पुढे सतरंजीवर लेकरं आणि बायका, त्यांच्या मागे म्हातारी माणसं, शेवटी खुर्च्या.

आवाजाचं काम डीजेवाल्याला देत असाल तर त्याला स्पष्ट सांगा की गाणं वाजवायचं नाही, एका माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा आहे. मोठे बॉक्स मंचाजवळ ठेवून आवाज वाढवला की पुढच्यांचे कान बसतात आणि मागच्यांना नुसता घुमारा ऐकू येतो. लहान बॉक्स मंडपाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना लावा आणि आवाज कमी ठेवा. एक बॉक्स मंचाकडे तोंड करून, म्हणजे सांगणाऱ्यालाही स्वतःचा आवाज ऐकू येतो. टिनाच्या मंगल कार्यालयात आवाज फार घुमतो. पर्याय असेल तर उघडं मैदान घ्या. जनरेटर मंडपापासून लांब. माईकची चाचणी कथाकथनकार स्वतः असताना करा. कोणाला स्टँडचा माईक हवा असतो, कोणाला कॉलरचा. त्याला विचारा.

एका संध्याकाळी दोनच कथाकथनकार. प्रत्येकी चाळीस मिनिटं. पाच जणांना पंधरा-पंधरा मिनिटं दिली की पाचही जण आपला सगळ्यात हशा घेणारा तुकडा सांगतात, आणि तासाभरात लोकांचं हसून-हसून समाधान होण्याऐवजी कंटाळा येतो. कथेला चढायला वेळ लागतो. आणि कविसंमेलनानंतर कथाकथन ठेवू नका, आधी ठेवा.

बोलीबद्दल. वऱ्हाडीत सांगणारे दोन प्रकारचे भेटतात. एकाच्या तोंडी ती भाषाच आहे. त्यात तो हसवतो, भांडतो, आणि आई गेल्याचंही सांगतो. दुसरा वऱ्हाडी फक्त हशासाठी वापरतो, म्हणजे गावातला माणूस बावळट, त्याची बायको भांडकुदळ, आणि शहरातला पाहुणा शहाणा. शहरातल्या सभागृहात त्यावर टाळ्या पडतात. गावात लोक हसतात, पण घरी जाताना त्यांना बरं वाटत नाही. बोलावण्याआधी त्या माणसाचा एक पूर्ण कार्यक्रम कुठेतरी बसून ऐका. मोबाईलवरची पाच मिनिटांची फीत पुरेशी नाही.

पुण्याकडून किंवा कोल्हापूरकडून कोणी येणार असेल तर त्याला फोनवर सांगून ठेवा की आमचे श्रोते बोलतात. आपल्याकडे ऐकणं हे असंच घडलंय. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि अख्खा मंडप उत्तर देई. त्यामुळे आजही कथा सांगणाऱ्यानं थोडा विराम घेतला की समोरून कोणीतरी ‘मंग काय झालं?’ म्हणतोच. ज्याला याची सवय नाही तो दचकतो, त्याला वाटतं आपला कार्यक्रम कोणी मोडतंय. आधी माहीत असलं की तोच माणूस त्या हुंकारावर फुलतो.

याच बाबतीत माझा एक आग्रह आहे. कथाकथनकार म्हटलं की आपण छापील पुस्तक असलेला किंवा यूट्यूबवर दिसणारा माणूस शोधतो. तुमच्या तालुक्याच्या आसपास कथा सांगणारी माणसं आधीच आहेत. गोंडांचे परधान त्यांच्या वाद्यावर वंशकथा सांगतात. गोंधळी आहेत, डहाक्याची गाणी म्हणणारी मंडळी आहेत. तांड्यांवर लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गाणाऱ्या बंजारा बायका आहेत, त्यांच्या गाण्यांत अख्खी घराणी आणि प्रवास असतात. पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांनी रात्र-रात्र माणसं जागवली आहेत. यांना संमेलनात बोलावतात, पण कधी? रात्री शेवटी, ‘लोककला दर्शन’ या नावाखाली, पाहुणे जेवायला गेल्यावर. आणि हातात ठेवतात ती रक्कम मंचावरच्या लेखकाला दिलेल्या मानधनाच्या तुलनेत सांगायलाही लाज वाटेल अशी. हे थांबवायला हवं. त्यांचं नाव पत्रिकेवर लेखकाच्याच टाइपात छापा, वेळ मधली द्या, आणि मानधन कथाकथनकाराइतकंच ठेवा. भाषा गोंडी, कोलामी किंवा बंजारा असेल तर सुरुवातीला दोन मिनिटांत कथेचा धागा मराठीत सांगणारा त्यांच्यातलाच एखादा शिकलेला मुलगा बरोबर घ्या. मध्ये-मध्ये भाषांतर करू नका, कथा तुटते.

आता शेजारच्या गावचा मंडप रिकामा का झाला ते बघू. मी तिथे नव्हते, पण पत्रिका बघितली तरी बहुतेक वेळा कळतं. मंचावर बारा जण, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. एकाला दोन मिनिटं धरली तरी पाऊण तासाचा निम्मा तिथे गेला. मग स्वागताध्यक्ष, प्रास्ताविक, उद्घाटक, तीन प्रमुख अतिथी, अध्यक्ष. दहाला ठरलेलं उद्घाटन साडेअकराला सुरू होऊन दीडला संपतं. माणसं सकाळपासून बसलेली असतात, जेवण होतं आणि ती घरी जातात. त्यांचं काही चुकत नाही. तीन तास बसूनही त्यांना ऐकायला असं काही मिळालेलंच नसतं. अखिल भारतीय संमेलन सहसा तीन दिवस चालतं, 2023 साली वर्ध्याला झालेलं 96 वं तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तिथे एका वेळी अनेक मंडप असतात, एक सत्र लांबलं तरी दुसरीकडे काही चालू असतं. त्याची नक्कल एका दिवसात आणि एका मंडपात बसत नाही.

उद्घाटनाला एक तास द्या, त्यातली संमेलनाध्यक्षांची वीस मिनिटं सोडून बाकी सगळ्यांना मिळून चाळीस. सत्कार मंचावर करायचा तो फक्त बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा, शालीऐवजी पुस्तक देऊन. देणगीदार आणि पदाधिकाऱ्यांचा मान ग्रंथदिंडीत ठेवा: पालखी उचलायला, ग्रंथप्रदर्शनाची फीत कापायला. आमदारसाहेब येणार असतील तर त्यांना आठ वाजताच्या दिंडीचं निमंत्रण द्या. दिंडीत सगळं गाव दिसतं, त्यांनाही ते आवडतं.

स्थानिक कवींचा प्रश्न तुमच्याकडेही येईलच. तालुक्यातून तीस-चाळीस नावं येतील आणि कोणालाही नाही म्हणवणार नाही. दुपारी दोन ते चार वाचनालयाच्या ओट्यावर कवीकट्टा ठेवा, प्रत्येकी एक कविता. त्याच वेळी शाळेत मुलांसाठी एक कथाकथनकार. चारला सगळं बंद करा आणि माणसांना घरी जाऊ द्या. परत बोलवायचं असेल तर घरी जायला वेळ द्यावाच लागतो, आणि संध्याकाळी येताना ती घरच्या बायकांना घेऊन येतात.

पैशाचं पहिल्याच फोनवर बोला. आमच्याकडे तुमच्यासाठी मानधन इतकं, प्रवासखर्च वेगळा, तुम्हाला चालेल का? असं विचारलं की पुढचा माणूसही मोकळेपणानं हो किंवा नाही म्हणतो. ‘आपलाच कार्यक्रम आहे, बघू नंतर’ असं म्हणून लेखकाला आणणं मला अपमानाचं वाटतं. पाकीट संध्याकाळच्या जेवणाआधी हातात पडलं पाहिजे. दोन लाखांतले ऐंशी-पंच्याऐंशी हजार पाहुण्यांचं मानधन आणि प्रवास यांना बाजूला काढा, मंडप-माईकला पन्नास-साठ, पुस्तकांना पंधरा. जेवणासाठी रोख कमी वापरा, तांदूळ, तुरीची डाळ, वांगी गावातूनच येतात. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे अनुदानासाठी अर्ज करता येतो, जरूर करा, पण ते पैसे हातात आलेत असं धरून खर्च ठरवू नका. नावांसाठी आणि फोन नंबरांसाठी विदर्भ साहित्य संघाच्या जवळच्या शाखेची मदत घ्या. संघ 1923 पासून चालतोय, त्यांच्याकडे माणसांची माहिती असते.

पुण्या-मुंबईहून येणारा माणूस धामणगाव किंवा बडनेऱ्याला उतरेल. त्याला आदल्या दिवशी आणा. रात्रभर गाडीत बसून आलेल्याला सकाळी दहाला मंचावर चढवू नका. विश्रामगृहाचं आरक्षण मंत्री आले की रद्द होऊ शकतं, म्हणून एक चांगलं घर पर्याय म्हणून ठेवा, स्वच्छ संडास असलेलं. कथाकथनकाराला कार्यक्रमाआधी भरपेट जेवायचा आग्रह करू नका, जेवण नंतर. चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणार असाल तर आधी लेखी परवानगी घ्या. त्याची कथा हीच त्याची शेती आहे. पूर्ण कथा मोबाईलवर आली की पुढचं गाव त्याला बोलावत नाही. आणि कोणी दुसऱ्या लेखकाची पूर्ण कथा सांगणार असेल तर त्याची किंवा वारसांची संमती लागते, लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत.

तर तुमच्या समितीपुढे ठेवायचं ते एवढं: गाव आधी वाचेल असा एक लेखक सकाळी, मुलाखतीच्या रूपात. एक वऱ्हाडी कथाकथनकार आणि तुमच्याच भागातला एक पारंपरिक कथा सांगणारा संध्याकाळी, सारख्या मानानं. उद्घाटन तासाभरात. यात दोन्ही गटांचं ऐकलं जातं, आणि दोन लाखांत बसतंही.

नावाजलेला लेखक कोण घ्यायचा यावर अडलात तर त्याला फोनवर एकच विचारा: तुम्ही आमच्याकडे किती वेळ थांबू शकाल? उद्घाटन करून दुपारची गाडी पकडायची म्हणाला तर नमस्कार करून दुसऱ्याला फोन लावा, मग नाव कोणतंही असो. आदल्या संध्याकाळी येतो, दुसऱ्या दिवशी रात्री कथाकथन ऐकूनच निघतो, असं म्हणणारा लेखक कमी प्रसिद्ध असला तरी तो घ्या.

पुढच्या बैठकीत तारखेआधी पुस्तक ठरवा. कोणतं ठरलं ते मला कळवा. आमच्या वाचनालयात त्याच्या प्रती असतील तर दोन महिने तुमच्याकडे वापरायला पाठवीन, आणि तेवढ्या कमी विकत घ्याव्या लागतील.